तार, चुंबक आणि वेढे : स्टील गिटारपासून बेंजोपर्यंत घरगुती पिकअपचा सामाजिक इतिहास (विशेष संदर्भ : सिंधुदुर्ग किनारा)

सारांश

तंतुवाद्याच्या पोलादी तारेचे कंपन विद्युत संकेतात रूपांतरित करणाऱ्या साधनास 'पिकअप' असे म्हणतात. १९३०च्या दशकात अमेरिकेत हवाईयन स्टील गिटारसाठी विकसित झालेले हे साधन मुंबईच्या चित्रपटसंगीतातून भारतीय श्रोत्यांच्या परिचयाचे झाले. पुढे याच तत्त्वावर मुंबई व कोकणातील बेंजो हे वाद्य विद्युतचलित झाले. प्रस्तुत लेखात या साधनाचा प्रवास, त्याच्या घरगुती निर्मितीमागील तंत्र व अर्थकारण आणि ते वापरणाऱ्या वाद्यांना मिळालेली विषम सामाजिक प्रतिष्ठा यांचा परामर्श घेतला आहे. वाद्य बनविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे ज्ञान हे इतिहासाचे साधन असून ते नष्ट होण्यापूर्वी नोंदविले जाणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्टील गिटार, बेंजो, पिकअप, कारागिरी, चाकरमानी, सिंधुदुर्ग, संगीताचा सामाजिक इतिहास.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताच्या इतिहासलेखनावर दृष्टिक्षेप टाकला असता त्यात घराणी, गायक, नाटककंपन्या आणि संगीतकार यांना मध्यवर्ती स्थान मिळाल्याचे दिसते. वाद्यांचा इतिहास आला तरी तो बहुधा वादकाच्या चरित्राचा भाग म्हणून येतो. वाद्य घडविणाऱ्या कारागिराचा उल्लेख क्वचितच सापडतो. मिरजेच्या सतारकारांना या बाबतीत अपवाद मानता येईल. त्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. परंतु भोपळा, लाकूड आणि जवारी यांच्या कारागिरीला मिळालेला हा मान तांब्याची तार, चुंबक आणि डाग देण्याची कावी यांच्या साहाय्याने वाद्य घडविणाऱ्यांच्या वाट्याला आलेला नाही.

वास्तविक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वसामान्य मराठी माणसाच्या कानावर पडलेले बहुतांश संगीत हे विद्युत उपकरणांतून आलेले होते. रेडिओ, ग्रामोफोन, कर्णा आणि ॲम्प्लिफायर यांनी ऐकण्याची रीत बदलली. गणेशोत्सवाची मिरवणूक, लग्नाची वरात, हळदी समारंभ या प्रसंगी वाजणाऱ्या बेंजोचा आवाज तर पिकअपशिवाय अस्तित्वातच येऊ शकला नसता. असे असूनही हे साधन कोठून आले, ते कसे बनते आणि कोण बनवते, हे प्रश्न इतिहासकारांनी फारसे विचारलेले नाहीत.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. स्टील गिटारच्या पिकअपचा उगम व भारतातील आगमन यांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. घरगुती पिकअप निर्मितीमागील तांत्रिक व आर्थिक कारणे स्पष्ट करणे.
३. सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या संदर्भात या तंत्राचा आणि स्थलांतर, हवामान व सण यांचा परस्परसंबंध तपासणे.
४. समान तंत्रावर आधारित वाद्यांना मिळालेल्या भिन्न प्रतिष्ठेची कारणमीमांसा करणे.

हवाई बेटांपासून मुंबईपर्यंत

गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्या तारांवर पोलादाची कांडी सरकवत वाजविण्याची पद्धत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिच्या शोधाचे श्रेय सामान्यतः १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू या तरुणास दिले जाते. भारतीय वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, या श्रेयाचा आणखी एक दावेदार गेब्रिएल डेव्हियन हा होता. त्याचा जन्म भारतात झाला होता व एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेल्यामुळे तो होनोलुलूस पोहोचला, अशी हकिकत हवाईयन संगीताच्या परंपरेत सांगितली जाते. या दाव्याचा निर्णय पुराव्याअभावी करता येत नाही. तथापि तारेवरून गोटा सरकवून मींड काढण्याची कल्पना भारतास नवी नव्हती. उत्तरेकडील विचित्रवीणा आणि दक्षिणेकडील गोट्टुवाद्यम ही तिची उदाहरणे होत. तंजावर परिसरातील तिरुविडैमरुदूर येथील सखाराम राव यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोट्टुवाद्यमला मैफलीचे स्थान मिळवून दिले. त्यामुळे हवाईयन गिटार भारतात आली तेव्हा तिचा सूर येथील कानांना परका वाटला नाही, असे म्हणता येईल.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लोकप्रियता जगभर पसरली. पहिल्या महायुद्धानंतर अर्नेस्ट काआई यांच्यासारख्या कलावंतांनी आशियाचे दौरे केले. सामोआत जन्मलेले ताऊ मो हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले. त्यांच्याकडे शिकलेले गार्नी निस हे भारतातील हवाईयन गिटारचे आद्य वादक ठरले. कलकत्ता हे या वाद्याचे भारतातील पहिले केंद्र बनले, तर चित्रपटनिर्मितीमुळे मुंबई हे दुसरे केंद्र झाले.

दरम्यान या वाद्यात एक मूलगामी परिवर्तन घडले होते. नृत्यगृहातील मोठ्या वाद्यवृंदात गिटारचा आवाज ऐकू येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बोशां या वादकाने तारांभोवती नालाच्या आकाराचे दोन चुंबक आणि तारांखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे अशी रचना सिद्ध केली. १९३१ साली तयार झालेल्या या वाद्याच्या गोल, लहान अंगामुळे त्यास 'तळणीचा तवा' असे टोपणनाव मिळाले. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. हे उपकरण खरोखर चालते का, अशी शंका पेटंट कार्यालयास आल्याने प्रत्यक्ष वादकांना तेथे पाठवून ते वाजवून दाखवावे लागले, असे सांगितले जाते. १९३४ साली केलेल्या अर्जावर १९३७ साली पेटंट मंजूर झाले.

या घटनाक्रमातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जगातील पहिल्या विद्युत गिटारची पहिली वेटोळी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार वापरून गुंडाळली गेली, अशी नोंद या वाद्याच्या इतिहासकारांनी केली आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेले लिओ फेंडर यांनीही १९३८ साली फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते, आणि १९४५ च्या सुमारास डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत प्रथम स्टील गिटारच तयार केल्या. म्हणजेच पिकअप ही मुळात कारखान्याची नव्हे, तर घराच्या पडवीतील व दुरुस्तीच्या दुकानातील निर्मिती होती. भारतात ती 'जुगाड' म्हणून हिणवली गेली असली तरी तिच्या मूळ स्वरूपाशी ती सुसंगतच होती.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्टील गिटारने १९५०च्या दशकात पाय रोवले. लखनौ येथे जन्मलेले व्हॅन शिप्ले (१९२७–२००८) हे व्हायोलिन व विद्युत गिटारवादक. त्यांनी स्वतःच्या कल्पनेने आठ तारांची गिटार घडवून घेतली. हजारा सिंग, कलकत्त्याचे सुनील गांगुली आणि पुढील पिढीतील चरणजित सिंग यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजवलेल्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. चरणजित सिंग यांनीच १९८२ साली इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर रागांचे ध्वनिमुद्रण केले, ही बाब विद्युत वाद्यांबाबतच्या त्या पिढीच्या कुतूहलाची निदर्शक आहे. शब्दांवाचून गाणे ओळखू यावे, अशी सवय या ध्वनिमुद्रिकांनी श्रोत्यांना लावली. बेंजो पथकाचा संपूर्ण डोलारा याच सवयीवर उभा आहे.

बेंजो : एका जपानी वाद्याचे मराठीकरण

महाराष्ट्रात 'बेंजो' या नावाने ओळखले जाणारे वाद्य आणि अमेरिकेतील चामड्याने मढविलेले त्याच नावाचे वाद्य यांचा काहीही संबंध नाही. मराठी बेंजो हे मूळचे जपानी 'ताईशोगोतो' होय. १९१२ साली नागोया येथील मोरिता गोरो यांनी ते तयार केले. टंकलेखन यंत्राप्रमाणे कळा दाबल्या असता त्या पोलादी तारांना पडद्यांवर टेकवितात आणि दुसऱ्या हातातील नखीने तार छेडली जाते, अशी त्याची रचना आहे. वादकाला स्वरस्थान शोधावे लागत नाही. कळ दाबली की स्वर मिळतो. त्यामुळे संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीलाही हे वाद्य अल्पावधीत आत्मसात करता येते.

जपान आणि मुंबई यांच्यातील सागरी व्यापार १८९३ साली टाटांच्या सहकार्याने सुरू झालेल्या निप्पॉन युसेन कंपनीच्या जहाजसेवेमुळे वाढला होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान स्वस्त जपानी माल हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचला. ताईशोगोतोही याच मार्गाने पसरले. भारतात ते 'बुलबुल तरंग' झाले, बलुचिस्तानात 'बेंजू' झाले आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब संगीतात सामावले गेले. एकाच वाद्याचा असा प्रवास पाहता कोकण किनारा हा एका व्यापक सागरी सांस्कृतिक जगाचा भाग होता, हे लक्षात येते.

मूळ वाद्याचा आवाज मात्र नाजूक होता. दिवाणखान्यात तो पुरेसा असला तरी ढोल-ताशांच्या संगतीत, रस्त्यावर, शेकडो लोकांच्या गर्दीत तो टिकणे शक्य नव्हते. नृत्यगृहात स्टील गिटारपुढे जी अडचण उभी राहिली होती, तीच येथे मिरवणुकीत उभी राहिली, आणि तिचे उत्तरही तेच निघाले.

हे उत्तर योगायोगाने सापडलेले नाही. त्यामागे भक्कम तांत्रिक कारण आहे. बेंजोसमोर मायक्रोफोन ठेवल्यास तारेच्या सुराबरोबर कळांची खटखट आणि आजूबाजूच्या ढोलाचा नादही त्यात शिरतो. शिवाय हातगाडीवर वाद्य व कर्णा शेजारी-शेजारी असल्याने शिट्टी वाजू लागते. वाद्याच्या अंगाला चिकटवायचे स्फटिकाचे पिकअपही खटखट टिपतेच. चुंबकीय पिकअप मात्र केवळ पोलादी तारेच्या हालचालीला प्रतिसाद देते. कळांपासून दूर, घोडीजवळ ते बसविले की सूर स्वच्छ मिळतो. बेंजोच्या तारा पोलादी असल्याने हे शक्य झाले. तारा पितळी किंवा नायलॉनच्या असत्या तर पिकअप मुकेच राहिले असते.

वेढ्यांचे गणित

पिकअपचे तत्त्व शालेय विज्ञानाच्या अभ्यासक्रमातील आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. चुंबकाच्या सान्निध्याने पोलादी तार स्वतः चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब व्होल्टच्या काही शतांश वा दशांश भागाइतकाच असतो. ॲम्प्लिफायर तो वाढवून कर्ण्यापर्यंत पोहोचवितो.

तत्त्व सोपे असले तरी कृती कष्टाची आहे. एकेरी वेटोळ्याच्या गिटार-पिकअपमध्ये साधारणतः ८,००० वेढे असतात. त्यासाठी लागणारी तार सुमारे ०.०६ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे भारतात प्रचलित असलेल्या मापाप्रमाणे ४६ गेजची आणि मानवी केसाइतकी बारीक असते. तिच्यावर इनॅमलचा पातळ लेप असतो. एका वेढ्याची सरासरी लांबी १३ सेंटिमीटर धरल्यास ८,००० वेढ्यांना एक किलोमीटरहून किंचित अधिक तार लागते. या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ५.९ ओहम असल्याने संपूर्ण वेटोळ्याचा रोध सहा हजार ओहमच्या आसपास येतो. विशेष म्हणजे एवढ्या तांब्याचे वजन केवळ २७ ग्रॅमच्या जवळपास भरते. सेकंदाला एक वेढा या गतीने हाताने गुंडाळायचे झाल्यास सव्वादोन तास अखंड लागतात. मध्येच तार तुटली तर बहुधा सर्व श्रम वाया जातात.

येथे कारागिराचे कौशल्य तीन ठिकाणी कसास लागते. पहिले म्हणजे ताण. तार सैल गुंडाळली तर वेढे स्वतःच कंप पावतात आणि पिकअप मायक्रोफोनप्रमाणे बाहेरचा आवाज घेऊ लागते. ताण अधिक झाला तर तार लांबते वा तुटते. दुसरे म्हणजे मोजणी. वेढे वाढविले की आवाज मोठा होतो, पण त्याचबरोबर सूर बोथट होत जातो. वरच्या पट्टीतील चमक आणि आवाजाचा जोर यांत तडजोड करावी लागते. ही तडजोड कोठे करायची याचा निर्णय कान करतो. तिसरे म्हणजे शेवटचा संस्कार. वेटोळे वितळलेल्या मेणात बुडविले किंवा लाखेचे रोगण दिले की वेढे घट्ट बसतात आणि दमटपणा आत शिरत नाही.

साहित्याचा प्रश्न वेगळाच होता. स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी वाद्ये व सुटे भाग यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते; उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली. मुंबईत १८६५ पासून चालत आलेले फुर्टाडोस हे वाद्यांचे दुकान होते आणि कलकत्त्यात गिटारनिर्मितीही होत होती; तथापि बेंजोसाठी तयार पिकअप पुरविणारी परदेशी कंपनी नव्हती, कारण त्या कंपन्यांच्या दृष्टीने हे वाद्य अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे बेंजोच्या बाबतीत पिकअप स्थानिक पातळीवर घडविणे हा हौसेचा भाग नव्हता, तर अपरिहार्यता होती.

या अपरिहार्यतेला पूरक अशी एक यंत्रणा प्रत्येक तालुक्याच्या गावी होती. पंखे व शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करणारी दुकाने आणि रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर ही ती यंत्रणा होय. मोटारीची तार जाड असते, हे खरे. परंतु वेढे मोजणे, ताण सांभाळणे, इनॅमल खरवडून डाग देणे, तुटलेले वेटोळे तपासणे ही कौशल्ये दोन्हीकडे समानच आहेत. स्पीकरमधील चुंबक, जुन्या रिलेतील बारीक तार, मल्टिमीटर आणि हातड्रिल एवढ्या सामग्रीवर पिकअप सिद्ध होऊ शकते. पिकअपचे तंत्र एखाद्या संगीतशाळेतून नव्हे, तर दुरुस्तीच्या बाकावरून पसरू शकले, याचे कारण येथे सापडते.

किनारा, चाकरमानी आणि पाऊस

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. या भूप्रदेशाचा मुंबईशी असलेला संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांतून आगबोटीने, पुढे एस.टी.ने आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णत्वाने खुली झाल्यानंतर रेल्वेने चाकरमानी ये-जा करीत राहिला. गिरणगावातील कामगारांत कोकणातील लोकांचे प्रमाण मोठे होते. यंत्र उघडून दुरुस्त करण्याची सवय आणि सार्वजनिक उत्सवाची सवय या दोन्ही गोष्टी एकाच वस्तीत नांदत होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ही वस्ती विस्कटली. पण तिच्या आवडीनिवडी गावाकडे येणे थांबले नाही. गणपतीला गावी येणारा चाकरमानी केवळ पैसे व भेटवस्तू आणत नसे. मुंबईत ऐकलेला आवाजही तो सोबत आणत असे.

सिंधुदुर्गाची स्वतःची वाद्यपरंपरा समृद्ध आहे. दशावतारात हार्मोनियम, पखवाज व झांज यांची संगत असते. डबलबारी भजनाने हार्मोनियम वाजविणाऱ्या बुवांची एक परंपराच निर्माण केली. शेजारच्या गोव्यातील पोर्तुगीजकालीन संगीतशिक्षणामुळे व्हायोलिन व गिटारही या भागास अपरिचित नव्हती. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय संगीतकारांनी बजावलेली भूमिका सर्वश्रुत आहे. या पार्श्वभूमीवर विद्युत बेंजो आला तो दशावताराच्या रंगमंचावर वा भजनाच्या बारीत नव्हे, तर मिरवणुकीत व वरातीत. जुन्या वाद्यांचे विधिगत स्थान त्याने हिरावून घेतले नाही. त्याने रस्ता व्यापला.

किनाऱ्याच्या हवामानाने या वाद्यापुढे काही खास अडचणी उभ्या केल्या. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि गणेशोत्सव पावसाळ्यातच येतो. खारट, दमट हवेत पोलादी तारा गंजतात. तांब्याच्या तारेवरील इनॅमल कोठे खरवडले गेले असल्यास तेथे हिरवट गंज धरतो व तार आतल्या आत तुटते. अशा पिकअपचा आवाज एकाएकी बंद पडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून मेण किंवा लाख देण्याचा संस्कार कोरड्या प्रदेशापेक्षा येथे अधिक निर्णायक ठरतो. लाखकामाची कला ज्या जिल्ह्यात सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाकडी खेळण्यांच्या रूपाने जोपासली, तेथेच लाख विद्युत रोधक म्हणूनही उपयोगी पडावी, हे साम्य अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी अडचण गुणगुणीची. एकेरी वेटोळे सभोवतालच्या ५० हर्ट्झच्या विद्युतप्रवाहाची गुणगुणही टिपते. अर्थिंग नीट नसलेल्या तात्पुरत्या मंडपातील वायरिंगमध्ये ती असह्य होते. १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी परस्परविरुद्ध दिशेने जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा उपाय योजला. दोन वेटोळी म्हणजे दुप्पट तार व दुप्पट वेळ. त्यामुळे घरगुती निर्मितीत एकेरी वेटोळ्याचेच आकर्षण अधिक राहते आणि गुणगुण सहन केली जाते. वाद्याचा 'स्वभाव' म्हणून जे ऐकले जाते, त्यात अर्थकारणाचाही अंश असतो तो असा.

एक तंत्र, दोन प्रतिष्ठा

स्टील गिटारने भारतात दोन वाटा चोखाळल्या. त्यांतील एक वाट रागसंगीताकडे गेली. उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली केलेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेने गिटारला शास्त्रीय संगीतात मान्यता मिळवून दिली. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कारापर्यंतचा सन्मान लाभला. दुसरी वाट चित्रपटगीतांच्या सुरावटीकडे गेली. रागसंगीताने स्वीकारले ते प्रामुख्याने पोकळ कोठीचे, चिकारी व तरफांच्या तारा जोडलेले रूप. विद्युत रूप 'हलक्या' संगीताचे मानले गेले.

बेंजोच्या वाट्याला तर ही दुय्यम प्रतिष्ठाही आली नाही. यामागे एक सांगीतिक आक्षेप आहे आणि तो नाकारता येत नाही : कळांच्या वाद्यावर मींड निघत नाही. परंतु हाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला होता. आकाशवाणीने १९४० साली त्यावर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळातही कोकणातील भजन व दशावतार हार्मोनियमवरच चालू राहिले आणि पुढे त्या वाद्याला मैफलीतही स्थान मिळाले. यावरून केवळ सांगीतिक मर्यादा हे अप्रतिष्ठेचे पूर्ण स्पष्टीकरण होऊ शकत नाही, हे उघड आहे. बेंजो वाजतो तो रस्त्यावर, तो वाजवतात ती श्रमिक वस्तीतील मुले, आणि त्याचे शिक्षण देणारे घराणे वा विद्यालय नाही. वाद्याला मिळणारा मान हा वाजविणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून ठरतो, या निष्कर्षापासून सुटका नाही. २०१६ साली दिग्दर्शक रवी जाधव यांच्या 'बँजो' या हिंदी चित्रपटाने हे वादक पडद्यावर आणले. ज्ञानव्यवहाराने मात्र त्यांची दखल अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

यासंदर्भात ध्वनिनियमनाचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये दिलेल्या निर्णयाने तिला बळकटी आली. रुग्ण, वृद्ध व विद्यार्थी यांच्या दृष्टीने हे नियम आवश्यकच आहेत. तथापि व्यवहारात तयार ध्वनिमुद्रणे वाजविणारी अवाढव्य ध्वनियंत्रणा आणि हाताने वाजविले जाणारे वाद्य यांना लोकमानस एकाच मापाने मोजते. पहिल्यात वादक नसतो. दुसऱ्यात चार-दोन कुटुंबांचा हंगामी रोजगार असतो. इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड व ध्वनियंत्रणा यांच्या स्पर्धेत बेंजो मागे पडला, तर त्याबरोबर पिकअप गुंडाळणारे हातही थांबतील.

वेटोळे : इतिहासाचे साधन

इतिहासाच्या अभ्यासकाने पिकअपकडे भौतिक साधन म्हणून पाहण्याची आवश्यकता आहे. मल्टिमीटरने रोध मोजला आणि तारेचा व्यास व वेढ्याची सरासरी लांबी ज्ञात असली की वाद्य न मोडता वेढ्यांची संख्या काढता येते. उदाहरणार्थ, बेंजोचे पिकअप आकाराने लहान असून वेढ्याची सरासरी लांबी ८ सेंटिमीटर, तार ४६ गेजची आणि रोध ३,८०० ओहमच्या आसपास असेल, तर त्यात सुमारे ८,००० वेढे आहेत असे अनुमान निघते. चुंबकाचा प्रकार, बॉबिनचे साहित्य, डाग देण्याची पद्धत यांवरून कारागिराचा मूळ व्यवसाय कोणता असावा, याचाही अंदाज बांधता येईल. ताम्रपटातील अक्षरवटिका जे सांगते, ते येथे तांब्याचे वेढे सांगतात.

परंतु या साधनाची एक मोठी मर्यादा आहे. ताम्रपट जपला जातो. नादुरुस्त वेटोळे मात्र सोलून फेकले जाते आणि त्याच बॉबिनवर नवी तार गुंडाळली जाते. दुरुस्ती हीच येथे पुराव्याची नाशकर्ती ठरते. जे पिकअप सर्वाधिक वापरले गेले, त्याचा मूळ पुरावा सर्वांत आधी नाहीसा होतो. म्हणून वस्तूंच्या नोंदीइतकीच कारागिरांच्या मौखिक इतिहासाची नोंद निकडीची आहे. मोजमाप वहीत लिहून ठेवण्याची प्रथा नसलेल्या व्यवसायात ज्ञान हे हातात आणि कानातच राहते, आणि माणसाबरोबरच जाते.

निष्कर्ष

१. पिकअप हे साधन मुळातच घरगुती प्रयोगातून व दुरुस्तीच्या दुकानातून जन्मले. त्यामुळे त्याच्या स्थानिक निर्मितीला अनुकरण किंवा जुगाड म्हणून कमी लेखणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२. बेंजोचे विद्युतीकरण हे वाद्याची रचना, मिरवणुकीची गरज, आयातीवरील निर्बंध आणि रिवाइंडिंगच्या कौशल्याची उपलब्धता या चार घटकांच्या संयोगाशी जोडता येते.

३. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर या तंत्राला चाकरमान्याच्या ये-जा करण्यातून वाट मिळाली आणि येथील दमट, खारट हवेने त्याच्यापुढे विशिष्ट तांत्रिक आव्हाने उभी केली.

४. स्टील गिटार व बेंजो यांच्या प्रतिष्ठेतील अंतर केवळ सांगीतिक गुणवत्तेने स्पष्ट होत नाही. त्यात वर्ग, स्थळ आणि शिक्षणसंस्था यांचा वाटा आहे.

५. या विषयाचा अभ्यास कोणत्याही एका विद्याशाखेच्या कक्षेत मावणारा नाही. किनाऱ्यावरील महाविद्यालयांत इतिहास व पदार्थविज्ञान विभागांनी संयुक्तपणे तालुकानिहाय सर्वेक्षण हाती घेतल्यास विद्यार्थ्यांच्या साहाय्याने वाद्यांची मोजमापे आणि कारागिरांच्या मुलाखती यांचा संग्रह अल्प खर्चात उभा राहू शकेल. त्यासाठी एक मल्टिमीटर, एक मोजपट्टी, एक ध्वनिमुद्रक आणि कारागिराच्या बाकासमोर बसून ऐकण्याची तयारी एवढेच पुरेसे आहे. हे कार्य लांबणीवर टाकल्यास मागे केवळ मुकी वाद्ये राहतील आणि ती कशी बोलत होती हे सांगणारा कोणीही उरणार नाही.